रूप बदलणाऱ्या रोबोंचे परीक्षण कसे करावे

साध्या ॲक्शन फिगरचे, म्हणजे सांधे वळवता येणाऱ्या खेळण्यातल्या बाहुल्याचे, परीक्षण करणाऱ्याला एकच आकृती तपासायची असते. चेहरा मूळ पात्राशी जुळतो का, रंगकाम स्वच्छ आहे का, सांधे कुठवर वळतात, एवढे पाहिले की बहुतेक काम होते. रूप बदलणाऱ्या रोबोच्या बाबतीत मात्र आकृत्या दोन असतात आणि त्या दोहोंना जोडणारा एक प्रवास असतो. ट्रकचा जो दरवाजा आहे त्यालाच रोबोचा दंड व्हायचे असते, विमानाच्या नाकाला छातीवर किंवा पाठीवर कुठेतरी जागा करून द्यायची असते. त्यामुळे एका रूपातला गुण सहसा दुसऱ्या रूपाकडून काहीतरी वसूल करतो. हा सौदा नेमका कुठे झाला आणि तो पटण्यासारखा आहे का, हे सांगणे हेच अशा खेळण्याच्या परीक्षणाचे मुख्य काम आहे. ‘पाठीवर ओझे फार आहे’ एवढ्या वाक्याने वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘गाडीचे छप्पर अखंड राहावे म्हणून ते संपूर्ण पाठीवर टाकले आहे’ असे लिहिले की गाडी आवडणारा वाचक एक निर्णय घेतो आणि रोबो आवडणारा दुसरा.

यासाठी एक शिस्त पहिल्यापासून पाळावी. हाती आलेली प्रत्येक तक्रार तीनांपैकी एका खात्यात टाकावी: रचनेचा दोष, उत्पादनाचा दोष किंवा परीक्षकाची आवड. कोपर नव्वद अंशांपर्यंत वळत नाही, हा रचनेचा दोष आहे आणि तो प्रत्येक प्रतीत असणार. डावा गुडघा ढिला आणि उजवा घट्ट, हा उत्पादनाचा दोष आहे आणि तो शेजारच्या खोक्यातील प्रतीत नसूही शकतो. चेहरा फार उग्र वाटतो, ही आवड आहे. ही खाती एकमेकांत मिसळली की परीक्षण कितीही लांब झाले तरी खरेदीदाराच्या उपयोगाचे राहत नाही.

खोके उघडण्यापूर्वीचा अभ्यास

हातात आलेले खेळणे कोणत्या कुळातले आहे हे माहीत नसेल तर त्याच्याकडून चुकीच्या अपेक्षा केल्या जातात. रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांची ट्रान्सफॉर्मर्स ही मालिका हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणली, पण त्या वर्षीची बहुतेक खेळणी जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या दोन आधीच्या मालिकांतून आलेली होती. डायाक्लोनमधली वाहने छोट्या चालक-बाहुल्या आत बसतील अशा बेताने बनवलेली होती. मायक्रो चेंजमधले रोबो मात्र पिस्तूल, कॅसेट प्लेअर, कॅसेट, खेळण्यातली मोटार अशा घरात सापडणाऱ्या वस्तूंचे सोंग घेत. म्हणून ट्रान्सफॉर्मर्समधल्या ऑप्टिमस प्राइम या पात्राचा ट्रक, मेगाट्रॉनचे पिस्तूल आणि इवल्याशा मोटारीचा बम्बलबी यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळावेत असा त्यांच्या निर्मात्यांचा हेतूही नव्हता. १९८५ चा जेटफायर तर ताकाराचाही नव्हे, ताकातोकु या दुसऱ्या जपानी कंपनीच्या १/५५ प्रमाणातील व्हॅल्किरी विमानाचा साचा त्यासाठी वापरला गेला होता. अशा खेळण्याच्या पुनरुत्पादित आवृत्तीचे परीक्षण करताना ‘प्रमाण चुकले आहे’ असे लिहिणे म्हणजे आज नसलेल्या माणसाला त्याने न दिलेल्या परीक्षेत नापास करणे होय.

आजच्या खेळण्यांनाही वंशावळ असते. साचा पूर्णपणे नवा आहे, जुन्या साच्यात काही भाग बदलून वापरला आहे, की केवळ रंग बदलून तोच पुन्हा विकला जात आहे, हे परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे. संग्राहकांच्या बोलण्यात यांना अनुक्रमे नवा मोल्ड, रिटूल आणि रिपेंट म्हणतात. रिपेंट असेल तर रूपांतराचे सविस्तर वर्णन पुन्हा करू नये. रंग, प्लास्टिकचा पोत, सांध्यांची घट्टता आणि जुना दोष सुधारला की तसाच राहिला, एवढ्यावर थांबावे. रिटूल असेल तर नवे भाग कोणते आणि त्यांच्यामुळे जुन्या रचनेत कुठे अडथळा आला ते पाहावे, कारण नवे डोके जुन्या पोकळीत नीट बसत नाही असे अनेकदा आढळते. प्लास्टिकवर कोरलेल्या वर्षावरून मात्र निष्कर्ष काढू नये. ते बहुधा साच्याच्या हक्काचे वर्ष असते. ती विशिष्ट प्रत केव्हा तयार झाली हे त्यातून कळत नाही.

आकारवर्ग हीसुद्धा गैरसमजाची जागा आहे. हॅस्ब्रोच्या अलीकडच्या मालिकांत कोर वर्गाचा रोबो सुमारे ९ सेंटिमीटर, डिलक्स १४, व्हॉयेजर १८ आणि लीडर १९ सेंटिमीटर असतो असे ढोबळमानाने म्हणता येईल, पण वर्ग म्हणजे उंची नव्हे, वर्ग म्हणजे खर्चाची मर्यादा. एखाद्या लीडर खेळण्यात आतला रोबो व्हॉयेजरएवढाच असतो आणि उरलेला खर्च त्याच्या चिलखतात किंवा मागे जोडायच्या ट्रेलरमध्ये गेलेला असतो. तेव्हा ‘लीडर असून लहान’ असे म्हणण्याऐवजी तो खर्च कुठे गेला हे शोधून लिहावे, आणि मग हवे तर तो वाया गेला असे म्हणावे.

महागड्या मास्टरपीस मालिकेबाबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे खेळणे कोणाशी इमान राखते आहे? ताकाराचा २००३ मधला पहिला मास्टरपीस ऑप्टिमस मोठा, धातूने जड आणि स्वतःपुरताच भव्य होता. २०११ मधला एमपी-१० (एमपी म्हणजे मास्टरपीस, पुढे मालिकेतला क्रमांक) हा ऑप्टिमस आकाराने लहान केला गेला आणि त्यामुळे त्याच मालिकेतील मोटारींशेजारी तो योग्य उंचीचा दिसू लागला. २०१९ च्या एमपी-४४ ने कार्टूनमधल्या चित्राशी तंतोतंत जुळण्याचा हट्ट धरला. तिन्ही एकाच पात्राची मास्टरपीस खेळणी आहेत, पण त्यांची उद्दिष्टे वेगळी आहेत. खऱ्या वाहनाशी, कार्टूनशी, जुन्या खेळण्याशी की चित्रपटातल्या संगणकीय प्रतिमेशी, हे एकदा ठरवले की पुढची तुलना सरळ होते.

परवान्याशिवाय निघणाऱ्या खेळण्यांबाबतही स्पष्टता हवी. संग्राहक ज्यांना थर्ड पार्टी म्हणतात त्यांची रचना स्वतंत्र असते, पण पात्र दुसऱ्याचे असते आणि नाव बदललेले असते. नॉकऑफमध्ये रचनाही उचललेली असते, कधी आकार वाढवून. अशा वस्तूचे परीक्षण करावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र करायचे ठरवले तर ती वस्तू कोणत्या प्रकारातली आहे हे मथळ्यापासून पुढे कधीही झाकू नये.

पहिले रूपांतर

पहिले रूपांतर सूचनापत्रक समोर ठेवूनच करावे. पत्रकाशिवाय करून दाखवण्याची हौस अनेकांना असते, पण नव्या खेळण्याचे भाग सर्वाधिक तुटतात ते याच वेळी. बिजागरीच्या खाचेत रंग उतरून ती चिकटलेली असू शकते, पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यातून धातूची पिन गेलेली असू शकते, आणि थंडीत प्लास्टिक अधिक ठिसूळ होते. एखादा भाग हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: तो आणखी एखाद्या खुंटीने अडकवलेला आहे का, आणि आपण त्याला ज्या दिशेने वळवतो आहोत ती त्याची दिशा आहे का. तरीही हलला नाही तर केस सुकवण्याच्या यंत्राने अंतर ठेवून किंचित ऊब द्यावी. ही सगळी माहिती परीक्षणात यावी, कारण वाचकही याच जागी अडकणार आहे.

रूपांतर चालू असताना कागद जवळ ठेवून नोंदी कराव्यात. नंतर आठवून लिहिलेले वर्णन फार सुबक होते. नख घालावे लागले, तुकडा हातातून सुटला, आधी केलेली पायरी उलटी करावी लागली, हे सारे त्यातून गळून पडते. पायऱ्यांची संख्या सांगायची असेल तर पत्रकातल्या चित्रांच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण एका चित्रात चार-चार हालचाली कोंबलेल्या असतात. एक स्वतंत्र हालचाल म्हणजे एक पायरी, अशी आपली व्याख्या ठरवावी आणि सर्व परीक्षणांत तीच वापरावी. तेव्हाच दोन खेळण्यांची तुलना प्रामाणिक होते. तरीही पायऱ्या जास्त म्हणजे रूपांतर चांगले, हा समज मला कधीच पटलेला नाही. मोजक्या पायऱ्यांत रोबोचा पत्ता लागू न देणारी मोटार बनवणे हे बरेचदा अधिक अवघड काम असते.

चांगल्या रूपांतराची पारख कशी करावी, यावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक परीक्षणे इथेच ‘मजा आली’ एवढे म्हणून पुढे जातात. पहिली कसोटी अशी की भाग आपल्या जागी पोहोचल्याचे हाताला कळते का. खुंटी खोबणीत गेल्याचा हलका धक्का, रॅचेटचा, म्हणजे दात्यांवर टप्प्याटप्प्याने थांबणाऱ्या सांध्याचा, टक्क आवाज किंवा दोन पृष्ठभाग समतल झाल्याची जाणीव यांपैकी काहीतरी मिळायला हवे. भाग अधांतरी राहिला आणि डोळ्यांनी अंदाज करून जागेवर आणावा लागला तर रचना अपुरी आहे. दुसरी कसोटी क्रमाची: पुढची पायरी मागच्या पायरीतून सुचते का? छाती उघडल्यावर आत डोके दिसले तर ते वर काढायचे हे सांगावे लागत नाही; पण खांदा अर्धा वळवून, आतली पट्टी सरकवून, पुन्हा खांदा मूळ जागी आणावा लागत असेल तर ती पायरी पाठ करावी लागते. हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे काही दिवसांनी पत्रकाशिवाय पुन्हा रूपांतर करून पाहणे. जिथे हात थांबतो तिथे रचना बोलत नाही.

तिसरी कसोटी आश्चर्याची आहे आणि ती मोजता येत नाही. एक भाग हलवला असता दुसरा आपोआप हलतो, ही कल्पना २००७ च्या चित्रपट-मालिकेतील खेळण्यांत ऑटोमॉर्फ या नावाने विशेष वापरली गेली; आतल्या दात्यांमुळे एका ओढीत दोन-तीन गोष्टी घडत. ती यंत्रणा जागा खाते आणि कधी इतर सांध्यांना आखडते, त्यामुळे तिथेही सौदा आहेच. पण जो भाग पायात जाईल असे वाटत होते तो छातीत गेला, किंवा कंबर अर्धी फिरताच सारी प्रमाणे बदलली, अशा जागा परीक्षणात आवर्जून सांगाव्यात, आणि वाचकाचा आनंद हिरावला जाऊ नये म्हणून त्यांचे सगळे तपशील न उघडता सांगाव्यात.

परतीचा प्रवास स्वतंत्रपणे तपासावा. रोबो उलगडत जाणे तुलनेने सोपे असते. वाहन बंद करताना मात्र सगळे पत्रे एकाच क्षणी एकमेकांशी जुळायचे असतात. गच्च भरलेल्या बॅगेची चेन एका कोपऱ्यात लावावी तर दुसऱ्या कोपऱ्यात उघडावी, तशी शेवटची खुंटी बसवताना पहिली निसटते. हे एकदा घडले तर सवयीचा अभाव समजावा. चार-पाच रूपांतरांनंतरही घडत असेल तर दोष रचनेचा किंवा मापांच्या अचूकतेचा आहे असे लिहिण्यास हरकत नाही.

रूपांतराच्या भाषेतले काही शब्द संग्राहकांत रूढ आहेत आणि ते नेमके वापरले तर लिखाण आटोपशीर होते. रोबोरूपात वाहनाचे जे अवयव निरुपयोगीपणे लोंबत राहतात त्यांना किबल म्हणतात. ज्यात रोबो बहुतांशी तयारच असतो आणि वाहनाचे कवच केवळ त्याच्याभोवती गुंडाळले जाते तो शेलफॉर्मर. काही भाग पूर्ण काढून दुसरीकडे लावावे लागतात ते पार्ट्सफॉर्मिंग. यांपैकी कोणताही शब्द शिवीसारखा वापरू नये. १९८४ च्या ऑप्टिमसच्याही मुठी वेगळ्या होत्या आणि त्या हाताने लावाव्या लागत, आणि तरी त्या खेळण्याचे स्थान अढळ आहे. काढलेला भाग दुसऱ्या रूपात कुठे राहतो, तो हरवण्याची शक्यता किती, त्याच्यावाचून रूपांतर अडते का, हे प्रश्न अधिक उपयोगी आहेत. नकली अवयवांचेही तसेच. कार्टूनशी जुळण्यासाठी रोबोच्या छातीवर खिडक्यांची वेगळी जोडी लावलेली असते आणि ट्रकच्या खऱ्या काचा आत दडवलेल्या असतात. ज्याला दिसण्याशी देणेघेणे आहे त्याला याचे काही वाटणार नाही. ज्याला वाहनाचाच प्रत्येक तुकडा रोबोत दिसायला हवा आहे त्याला ही फसवणूक वाटेल. परीक्षकाने दोघांनाही ही गोष्ट आधी सांगायला हवी.

रोबो म्हणून

रोबोरूपाची सुरुवात उभे राहण्यापासून करावी. सपाट टेबलावर, पाय सरळ जुळवून आणि नंतर पाय फाकवून तो उभा राहतो का ते पाहावे. फाकवलेल्या पायांनी तळवे जमिनीला पूर्ण टेकायचे असतील तर घोट्यात आडवा कल हवा. तो नसेल तर रोबो तळव्यांच्या कडांवर उभा राहतो आणि छायाचित्रात पडण्याच्या बेतात दिसतो. पाठीवर ओझे असलेल्या रोबोला टाचेचा आधार आहे का, हेही पाहावे. कमरेच्या सांध्यात रॅचेट असेल तर त्याचे टप्पे किती बारीक आहेत ते नोंदवावे. टप्पे मोठे असले तर सांधा भक्कम असूनही हव्या त्या कोनात थांबत नाही आणि तोल एका टप्प्यात पुढे, दुसऱ्यात मागे जातो. केवळ घर्षणावर चालणारा सांधा कुठेही थांबतो, पण कालांतराने सैल पडतो.

हातांची चाचणी शस्त्रासह करावी. सर्वांत जड शस्त्र मुठीत देऊन हात आडवा धरावा आणि खेळणे काही तास तसेच ठेवावे. सांधा खचत असेल तर तो याच काळात खचतो. ट्रान्सफॉर्मर्सच्या २०१९ मधल्या सीज या उपमालिकेपासून अंगभर ५ मिलिमीटर व्यासाची छिद्रे देण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे शस्त्रे खांद्यावर, पाठीवर, पायावर कुठेही लावता येतात आणि वेगवेगळ्या खेळण्यांची शस्त्रे परस्परांत बदलता येतात. इथे मापातला किंचित फरकही महत्त्वाचा ठरतो. खुंटी सैल असेल तर शस्त्र गळते, फाजील घट्ट असेल तर मुठीला चीर जाते. नवीन शस्त्र मुठीत दाबण्याआधी दुसऱ्या एखाद्या छिद्रात घालून पाहणे केव्हाही चांगले.

सुटणे आणि तुटणे यांतला भेद वाचकाला स्पष्ट सांगावा. ट्रान्सफॉर्मर्सच्या १९९६ मधल्या बीस्ट वॉर्स या उपमालिकेपासून गोलाकार बॉल जॉइंट मोठ्या प्रमाणावर आले, आणि ताण जास्त झाला की ते मोडण्याऐवजी निखळतात. असा सांधा पुन्हा दाबून बसवता येतो. पण साध्या हाताळणीतही तो वारंवार निखळत असेल तर ते लिहायलाच हवे.

पोकळ हातपायांवर टीका करताना कारण लक्षात घ्यावे. साच्यात ओतलेले जाड, भरीव प्लास्टिक थंड होताना असमान आकसते आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात, म्हणून भिंती पातळ ठेवल्या जातात. खर्च तर वाचतोच. प्रश्न एवढाच की पोकळी नजरेत येणाऱ्या बाजूला आहे की आतल्या, आणि रूपांतरात तिथे दुसरा एखादा भाग जाऊन बसतो का. दुसरे रूप सामावून घेणारी पोकळी ही जागेचा उपयोग आहे. पुढून दिसणारी रिकामी पोटरी ही काटकसर आहे.

वाहन म्हणून

वाहनरूपासाठी फार लिहावे लागत नाही, पण तपासणी कडक हवी. चाके मोकळी फिरतात का, की खालून लटकणारा एखादा रोबोचा भाग जमिनीला घासतो? छपराला धरून उचलले असता सगळे एकसंध राहते का? हलके हलवले असता आत काही खुळखुळते का? मागून किंवा खालून पाहिले तर रोबोचे डोके, मुठी, गुडघे किती उघडे दिसतात? बाजूने काढलेल्या एका छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही. शस्त्रे वाहनरूपात कुठे जातात हेही सांगावे. पुष्कळ परीक्षणांत हा मुद्दा राहून जातो, आणि खरेदीदाराच्या कपाटात सुट्या बंदुकांचा ढीग साचतो.

द्रव्य, रंग आणि काळ

एकाच लाल पायात तीन वेगळे लाल का दिसतात, याचे उत्तर बहुधा साहित्यात असते. बाहेरचे पत्रे सहसा एबीएस प्लास्टिकचे, घासणारे सांधे पीओएमसारख्या गुळगुळीत प्लास्टिकचे आणि काचा पॉलिकार्बोनेटसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. पीओएमवर रंग नीट धरत नाही, म्हणून ते रंग मिसळूनच ओतावे लागते. उलट पारदर्शक तुकड्यावर छपराचा भाग दाखवण्यासाठी वरून रंग द्यावा लागतो. त्यामुळे छटा जुळवणे अवघड असते. अवघड असले तरी जमवणारे जमवतात, तेव्हा फरक ठळक असल्यास तो लिहावा. पारदर्शक प्लास्टिकमध्येच बिजागरी असेल तर वाचकाला सावध करावे, कारण असे सांधे ठिसूळ असतात. निर्वातात धातूचा मुलामा चढवलेले चकचकीत भाग खोक्यातून काढतानाच पाहावेत. त्यांवरचा ओरखडा घरी दुरुस्त होत नाही.

धातूच्या वजनाचे कौतुक जपून करावे. जस्ताच्या मिश्रधातूचे भाग पायात असतील तर गुरुत्वमध्य खाली येतो आणि खेळणे स्थिर राहते; तेच खांद्यात किंवा हातात असतील तर सांध्यावरचा भार वाढतो. रूपांतरात दोन रंगवलेले धातूचे भाग एकमेकांवर घासत असतील तर कडेचा रंग उडणार हे ठरलेले आहे, आणि तो कितव्या रूपांतरात उडू लागला हे परीक्षकाने नोंदवून ठेवावे.

जुन्या खेळण्यांचे परीक्षण वेगळ्या सावधगिरीने करावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे बरीच वर्षे काही खेळण्यांत सोनेरी चमक मिसळलेले प्लास्टिक वापरले गेले, जे काळाबरोबर इतके ठिसूळ होते की पिनेभोवती हात लागताच त्याचा चुरा होतो. संग्राहक याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. असा भाग दिसला तर रूपांतर करून दाखवण्याचा मोह टाळावा आणि परीक्षण छायाचित्रांवर भागवावे. पांढरे प्लास्टिक अतिनील किरणांनी पिवळे पडते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवता येते, पण उजळवलेली प्रत मूळ अवस्थेतली म्हणून दाखवू नये. चिकटपट्ट्या मूळ की नंतर छापलेल्या, शस्त्रे मूळ की बदली, स्क्रू गंजलेले आहेत का, हेही लिहावे. १९८५ पासूनच्या पुष्कळ ट्रान्सफॉर्मर्सवर बोट घासल्यावर उष्णतेने चिन्ह उमटणारी पट्टी असे. ती शाबूत आहे का आणि अजून काम करते का, हे जाणकार आधी पाहतात.

एका प्रतीवरून किती बोलावे

परीक्षकाच्या हाती सहसा एकच प्रत असते आणि तिच्या भरवशावर तो पूर्ण उत्पादनाबद्दल बोलतो. ‘माझ्याकडील प्रतीत’ हे दोन शब्द अशा प्रत्येक वाक्यात यायला हवेत ज्यात घट्टता, रंगाचे डाग किंवा जोडणीतल्या चुका यांचा उल्लेख आहे. जोडणीतली चूक ओळखायची एक युक्ती अशी की दोन्ही हात आणि दोन्ही पाय समोरासमोर धरून त्यांचे भाग आरशातल्या प्रतिमेसारखे जुळतात का ते पाहावे. एकाच बाजूचे दोन भाग लागणे किंवा पत्रा उलटा बसवला जाणे हे घडते, आणि ते न ओळखता परीक्षक रचनेलाच बोल लावतो. दुसऱ्या संग्राहकांच्या प्रतींतही तोच दोष आढळला तर तो दोष या खेळण्यात सर्रास आहे असे लिहावे. राखाडी किंवा सरमिसळ रंगांच्या चाचणी-प्रतीवर मात्र घट्टतेचा किंवा रंगाचा निकाल देऊच नये; ती त्या कामासाठी बनवलेलीच नसते. आणि खेळणे निर्मात्याने किंवा विक्रेत्याने विनामूल्य दिले असेल तर ते सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांगावे.

दुरुस्ती केली असल्यास आधीची आणि नंतरची अवस्था वेगवेगळी लिहावी. ढिल्या बॉल जॉइंटवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू दिला की पकड सुधारते. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंदही काही जण वापरतात, पण त्याच्या वाफेने जवळच्या पारदर्शक भागांवर धुरकट पांढरा थर बसतो आणि ओला असताना सांधा हलवत राहिले नाही तर तो कायमचा जखडतो. घट्ट सांध्याला सिलिकोन ग्रीस बरे. पेट्रोलियमजन्य तेलांनी काही प्लास्टिकांना तडे जाऊ शकतात. सैल सांधा दुरुस्त करून मग ‘सांधे उत्तम’ लिहिणे म्हणजे वाचकाला दुसरेच खेळणे विकणे झाले.

छायाचित्रे, किंमत आणि निकाल

छायाचित्रांत पाठीची बाजू अनिवार्य समजावी, कारण निर्माते आपल्या चित्रांत ती शक्यतो दाखवत नाहीत आणि किबल तिथेच असते. पार्श्वभूमी राखाडी, प्रकाश पसरलेला आणि कॅमेऱ्याचा रंगसमतोल पक्का ठेवावा. नाहीतर निळ्या रंगाच्या दोन छटांवरची सगळी चर्चा निरर्थक ठरते. एका चित्रात मोजपट्टी असावी, एका चित्रात त्याच मालिकेतले परिचित खेळणे शेजारी असावे. रूपांतराची चित्रफीत करणार असाल तर अवघड जागा कापू नये. खुंटी बसेना म्हणून गेलेली वीस सेकंदे वाचकासाठी सर्वांत मोलाची असतात.

दहापैकी गुण देण्याची प्रथा मला उपयोगाची वाटत नाही, कारण तिच्यात तिन्ही खाती पुन्हा एक होतात. त्याऐवजी निकाल माणसांनुसार द्यावा. एकदा रोबोरूपात उभे करून कपाटात ठेवणारा, रोज हातात घेऊन रूप बदलणारा आणि मुलाच्या हाती देणारा या तिघांना एकच खेळणे सारखे मानवत नाही. वयाचा मुद्दाही इथेच येतो: हॅस्ब्रोच्या नेहमीच्या मालिकांवर ८ वर्षांपुढील, तर ताकारा टॉमीच्या (ताकारा कंपनीचे आताचे नाव) मास्टरपीसवर १५ वर्षांपुढील अशी सूचना असते, आणि यात लहान तुकड्यांबरोबर हाताळणीतल्या नाजूकपणाचाही विचार असतो. किंमतीची तुलना त्याच वर्गातल्या आणि त्याच काळातल्या खेळण्यांशी करावी. सवलतीत मिळाल्यामुळे आवडलेले खेळणे पूर्ण किंमतीला घेणाऱ्यालाही आवडेलच असे नाही.

परीक्षण प्रसिद्ध झाल्यावरही खेळणे हाताशी ठेवावे आणि काही महिन्यांनी त्याच चाचण्या पुन्हा घ्याव्यात. बिजागरीशेजारी प्लास्टिक पांढरट पडू लागले आहे का, जे ताणाचे पहिले लक्षण असते. कंबर सैल झाली का. मुलामा खुंटीवरून निघाला का, हे सारे पहिल्या आठवड्यात दिसत नाही. जे आढळेल ते मूळ मजकूर न बदलता, तारीख घालून, परीक्षणाच्या तळाशी जोडावे, आणि निकाल बदलला असेल तर तो वरच्या भागातही एका ओळीत सांगावा, कारण बहुतेक वाचक तळापर्यंत जात नाहीत.